व्याह्यांना नारळ

वुडलँड्स, सिंगापूर
रविवार

ती. शैलाताईस,

निशिकांतचा वाकून नमस्कार (कंबर वाकू देते तेवढाच). तुझा गुडघा कसा आहे? ऑपरेशनचं नाव काढलं की तू विषय बदलतेस, म्हणून आज मीच बदलतो. फोनवर तू मला पुरतं बोलू देत नाहीस, तेव्हा लिहितो. आपल्या ऋचाचं लग्न अडलंय, आणि ते नारळामुळे अडलंय.

रॅफल्स प्लेसच्या बँकेतला तो मुलगा तुला फोटोत आवडला होता. गेल्या रविवारी त्याचे वडील, वेंडल हॉपसन, आमच्याकडे जेवायला आले. हे गृहस्थ अमेरिकेत नऊ वर्षं फुटबॉल खेळले. मी जहाजावर नोकरीला असताना टीव्हीवर पाहिलेला सगळा फुटबॉल त्यांच्यापुढे काढला, तर त्यांचा खेळच वेगळा निघाला. बॉल लंबगोल, आणि पायाशी त्याचा संबंध बेताचा. (मग फुटबॉल का म्हणतात, असं कुमुदने विचारलं. ते म्हणाले, मलाही कुणी सांगितलं नाही.) वेंडलरावांचा तर बॉलशीही संबंध नव्हता. बॉलवाल्याच्या पुढे उभं राहून अंगावर येणाऱ्यांना अडवायचं, एवढंच त्यांचं काम. नऊ वर्षांत बॉल एकदाच त्यांच्यासमोर पडला. ते त्याच्यावर आडवे झाले, त्यांच्यावर चौघे पडले आणि गुडघा गेला. पुढच्या वर्षी टीमने पत्र पाठवून आभार मानले. हे सांगताना एवढा धिप्पाड माणूस आमटीच्या वाटीकडे बघत बसला. मला फार वाईट वाटलं.

वाईट वाटलं की मी मराठीत बोलतो. म्हणालो, "अरेरे, म्हणजे नारळ दिला." ऋचा इथे शिकलेली, शब्दाला शब्द लावून मोकळी होते. तिने त्यांना सांगितलं, आमच्यात माणूस नकोसा झाला की त्याला नारळ देतात. ते मनापासून हसले आणि पुन्हा आमटी मागितली.

निघताना कुमुदने त्यांना गंध लावलं, शाल दिली आणि हातात नारळ ठेवला.

ते नारळ काखेत धरून लंगडत लिफ्टपर्यंत गेले. आज आठ दिवस झाले, निरोप नाही. ऋचाने परोपरीने समजावलं, पण मुलगी बिचारी सांभाळून घेतेय असं त्यांना वाटतं. मला ती एवढंच म्हणाली, "बाबा, यू सेटल लाह." (इथल्या बोलीत, आता तुम्हीच निस्तरा.) तेव्हापासून समोर बसून जेवते, पण बोलत नाही. ताई, मला ते बघवत नाही.

बाकी सर्व ठीक. कुमुद नमस्कार सांगते.

तुझा धाकटा,
निशिकांत

ता. क. व्याह्यांना नारळाशिवाय उंबरठा ओलांडू देऊ नकोस, असं मला तूच बजावलं होतंस. तेव्हा आता व्हिडिओ कॉलवर येऊन तूच त्यांना सांग, की हा नारळ मानाचा होता. गुडघ्यापासून सुरुवात कर, म्हणजे तुमचं जमेल.

आणखी एक ता. क. हे पत्र व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला फोटो काढत होतो, तेवढ्यात बेल वाजली. दारात वेंडलराव, मागे ऋचा, रडून झालेली आणि हसत असलेली. त्यांनी गंभीरपणे माझ्या हातात एक नारळ ठेवला आणि सरळ टेबलाशी जाऊन बसले. कुमुद आमटी वाढतेय. आता हा आम्हाला मान दिला की नारळ दिला, तेवढं तू त्यांना विचारून कळव.