अंगठी परत करण्याबाबतचा खुलासा

तीर्थरूप मोठे काका यांना,

दोन मीटर अंतरावरून शिरसाष्टांग नमस्कार. (अंतर तुम्हीच ठरवून दिलं आहे, म्हणून लिहिलं. कागद मी हात धुऊनच घेतला आहे, तरी काकूंना तो उन्हात ठेवावासा वाटला तर माझी हरकत नाही.) काकूंचा गुडघा कसा आहे? सोफा आत आणला, की अजून गच्चीवरच? इकडे आई-बाबा ठीक आहेत. बाबा माझ्याशी बोलतात, पण दाराआडून.

शनिवारी काकूंच्या वाढदिवसाच्या जेवणाला तुमच्या घरी जो प्रकार घडला, त्याचा तुम्ही लेखी खुलासा मागितलात. बत्तीस वर्षं कार्यालय अधीक्षकाच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला तोंडी सांगितलेलं पटत नाही, हे मला लहानपणापासून माहीत आहे. (चौथीत असताना फुटलेल्या बरणीबद्दलही मी तुम्हाला अर्जच लिहिला होता, आणि तुम्ही तो तारीख नाही म्हणून परत केला होतात.) तेव्हा आज तारखेसकट लिहिते आहे: बुधवार, दि. १४.

मुळात माझी नोकरी काय आहे, तिथूनच आपल्या घरात घोळ आहे. मी औषधनिर्माणशास्त्र शिकले तेव्हा सगळ्यांनी धरून चाललं की पोरगी कोपऱ्यावर दुकान टाकेल आणि खोकल्याचं औषध घरच्या घरी मिळेल. मी पुढे किरणोत्सारी औषधांचं शिकायला गेले तेव्हा बाबांनी विचारलं की याचं दुकान कुठे टाकतात, आणि तुम्ही म्हणालात की बाम किंवा बाँब यांतलं एक काहीतरी धर. (हे वाक्य तुम्ही पुढे तीन लग्नांत वापरलंत.) खरं काम साधं आहे. रुग्णाच्या शिरेत किरणोत्सारी औषध अगदी थोडं टोचतात, ते हृदयात नाहीतर हाडांत जाऊन बसतं आणि कॅमेऱ्याला आतलं दिसतं. ते औषध तयार करून, मोजून, सिरिंजमध्ये भरून शहरातल्या पाच रुग्णालयांना धाडायचं. त्याचा अर्क शिशाने मढवलेल्या एका डब्यातून निघतो. त्या डब्याला आम्ही आपसांत गाय म्हणतो आणि रोज पहाटे तिची धार काढतो. (आईला हे सांगितलं तेव्हा माझा हुद्दा घसरला असं तिला वाटलं.) या औषधाचा स्वभाव असा की दर सहा तासांनी ते निम्मं होतं, कोणासाठी थांबत नाही. आणि आमचं खातं असं की बसायला खुर्ची मागितली तर फाइल सात महिने फिरते. इतकी घाईची वस्तू इतक्या निवांत माणसांच्या हाती कोणी दिली, हे मला अजून उमगलेलं नाही.

आता अंगठी. कामावर असताना आम्ही बोटात एक प्लास्टिकची अंगठी घालतो. हाताला किती किरण लागले याची तिच्यात नोंद होते आणि महिन्याने ती तपासायला जाते. अंगठी स्वतः अगदी निरुपद्रवी. (घराण्यातल्या बाकीच्या अंगठ्यांपेक्षा तर नक्कीच, त्यांच्यावरून दोन आत्या अजून एकमेकींशी बोलत नाहीत.) ड्यूटी संपली की ती काढून खुंटीवर अडकवायची असते. शनिवारी काकूंसाठी फुलं घ्यायच्या घाईत मी विसरले आणि तशीच तुमच्याकडे निघाले.

तिकडे खुंटी रिकामी दिसल्यावर आमचे किरणसुरक्षा अधिकारी खवळले. यांना आम्ही मोजणीसाहेब म्हणतो, कारण ते जिना चढतानाही पायऱ्या मोजतात. त्यांनी आमच्या घरी फोन लावला आणि आईला सांगितलं, "तुमच्या मुलीच्या बोटात आमची अंगठी आहे. आजच भेटावं लागेल." गेली सहा वर्षं आईचे कान ह्याच वाक्यासाठी टवकारलेले. तिने पुढचं काहीएक न ऐकता त्यांना तुमचा पत्ता दिला आणि लगेच काकूंना फोन केला. म्हणून मी दारात आले तेव्हा काकूंनी फुलं न घेता माझा हातच हातात घेतला. प्लास्टिक पाहून त्या म्हणाल्या, "साधा दिसतोय. असू दे." मला वाटलं, गुच्छाबद्दल बोलताहेत.

मग आई-बाबा पोचले, आणि मागोमाग साहेब आले. वय पन्नाशीपुढे, डोक्यावर केस नाहीत, हातात पिवळी पेटी. बाबांचा चेहरा पडला, पुन्हा सावरला, पेटीकडे पाहून थोडा उजळला. तुम्ही सोफ्यावर बसला होतात, तिथूनच त्यांना समोरची खुर्ची दिलीत. चहा झाला. कप खाली ठेवून साहेब म्हणाले, "अंगठी परत हवी आहे."

बाबांनी हलक्या आवाजात विचारलं, "आमचं काही चुकलं का?"

"तुमचं नाही, मुलीचं. रोज संध्याकाळी परत करायची असते."

"रोज?" काकू म्हणाल्या.

"रोज. आणि दर महिन्याला नवीन देतो. आमच्याकडे अशा अकरा जणी आहेत."

बाबा उठून उभे राहिले. मी मध्ये पडून सगळं उलगडून सांगितलं, आईने कपाळाला हात लावला, आणि गोष्ट तिथेच हसण्यावारी गेली असती. पण नियम असा की अंगठी बाहेर गेली तर माणसाचीही तपासणी करायची. साहेबांनी पेटीतून किरण मोजायचं मीटर काढलं. माझे हात, गप्प. चपला, गप्प. पर्स, गप्प. ते सोफ्याच्या दिशेने वळले आणि तापल्या तव्यावर पाण्याचे थेंब पडावेत तसं ते यंत्र तडतडायला लागलं. साहेबांनी एक पाऊल पुढे टाकलं, क्षणभर पाहिलं आणि मीटर बंद केलं. "बॅटरी उतरली आहे," म्हणाले. केकचा तुकडा खाल्ला, काकूंना शुभेच्छा दिल्या आणि अंगठी घेऊन गेले.

पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. आल्या आल्या मी त्याच सोफ्यावर बसले होते, म्हणजे किरण मीच आणले, असा सर्वांनी निष्कर्ष काढला. सगळ्यांनी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही बराच वेळ चष्मा पुसलात आणि निकाल दिलात: महिनाअखेर नोकरी सोडावी, तोवर दोन मीटर अंतर पाळावं, सोफा गच्चीवर जावा. बाबांनी मान डोलावली. आपल्या घरात तुमच्या शब्दापुढे अपील नाही.

सबब, अंगठी विसरले ही चूक मला मान्य आहे. त्याबद्दल ऑफिसने मेमो दिला आणि मी तीन प्रतींत उत्तर दिलं. राजीनाम्याचा मसुदा सोबत जोडला आहे. शुद्धलेखनावरून नजर फिरवावी.

तुमची आज्ञाधारक,
पुतणी

ता. क. वरचं पत्र नेहमीप्रमाणे काकूंना मोठ्याने वाचून दाखवा. हा कागद मात्र वेगळा आहे, तो एकट्याने वाचा. मीटरची बॅटरी त्याच सकाळी बदलली होती. रजिस्टरमध्ये सही आहे. साहेबांना विचारलं तर ते एवढंच म्हणाले की रुग्णाची गोष्ट रुग्णाने सांगायची असते. मीटर सोफ्यावर वाजलं नाही, काका. काकू म्हणाल्या की शनिवारी सकाळी तुम्ही नवा चष्मा करायला गेला होतात. चष्म्याच्या दुकानात कोणी सकाळचे चार तास घालवत नाही, आणि घालवले तरी तोच दोरा बांधलेला चष्मा घालून परत येत नाही. शिवाय नात दोनदा मांडीवर चढायला आली आणि तुम्ही दोन्ही वेळा पाय दुखतो म्हणालात. ती रडली, काकू चिडल्या. आमचं औषध टोचलं की त्या दिवशी लहान मुलांना जवळ घेऊ नका असं रुग्णालयात सांगतात. आम्हीच छापतो ते पत्रक.

ता. क. २. घाबरू नका. रविवार मावळेपर्यंत तुमच्यात नाव घेण्याइतकंही उरलं नव्हतं, सोफ्यात तर कधीच नव्हतं. तो आत आणा. राजीनाम्याचा मसुदा जोडलेला नाही. निकाल तुम्हीच फिरवा. 'फेरविचारांती' हा शब्द तुम्हाला मी शिकवायला नको, आणि कारण काय द्यायचं ते तुम्ही ठरवा. मी कोणाला काही बोलणार नाही. पण रिपोर्ट आणायला एकटे जाऊ नका. काकूंना सांगा. दोन दिवस त्या बोलणार नाहीत, तिसऱ्या दिवशी तुमच्याआधी तयार होऊन दारात उभ्या राहतील.

ता. क. ३. आमच्या लेबलवर नाव नसतं, त्यामुळे खात्रीने सांगता येणार नाही. पण त्या सकाळच्या डोसांत एक होता: पुरुष, वय एकोणसत्तर, हृदय. तो मी भरला. दोनदा मोजला. मी सगळेच दोनदा मोजते, तरी हे तुम्हाला माहीत असावं असं वाटलं.