पुढच्या खुर्चीचा ब्रेक

तीर्थरूप अक्का,

तुझ्या पायांवर डोकं ठेवून (मनातल्या मनात, कारण कंबर धरलेली आहे) पत्र लिहायला घेतो. इकडे सगळे बरे. तुझा खोकला गेला का, आणि तो गेला नसेल तर निदान वरच्या मजल्यावरचे भांडखोर भाडेकरू तरी गेले का, ते कळव. फोनच केला असता, पण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, आणि हे प्रकरण अर्धवट ऐकलंस तर चूक माझीच असं ठरवून मोकळी होशील. चूक माझीच आहे, पण ती नीट क्रमाने ऐक.

तर अक्का, मी सिनेमा पाहिला. फार मजा आली. इतकी मजा आली की नेमकं काय पाहिलं ते अजून कळलेलं नाही.

आपल्या ठकीचं त्या दातांच्या डॉक्टरशी जमलंय हे तुला ठाऊकच आहे. मुलगा गुणी आहे. पण त्याचे वडील वजनमाप खात्यातून निवृत्त झालेले साहेब. जन्मभर दुकानदारांचे तराजू तपासले, आता घरी बसून माणसं तपासतात. माझ्यासारख्या गाडी चालवायला शिकवणाऱ्याची मुलगी त्यांच्या काट्यावर जरा हलकी भरत होती. (ठकीने हे कधी बोलून दाखवलं नाही, पण तिचं तोंड उतरलं की मला जेवण जात नाही.) तेव्हा मुलांनीच तोड काढली की, दोन्ही घरची माणसं एकदम समोरासमोर बसली तर बिनसणार, त्यापेक्षा आधी सगळ्यांनी एखादा हलकाफुलका सिनेमा बघावा, पोटभर हसावं, आणि मग चहा घेत ओळख करून घ्यावी. एका रांगेत तिकिटं मिळाली नाहीत म्हणून आम्ही दोघं मागे, ती मंडळी पुढे, आणि ठकी अर्थातच डॉक्टरशेजारी, पार टोकाला. ते लोक आले तेव्हा दिवे मालवले होते. माझ्यासमोर कुणाचं तरी टक्कल येऊन बसलं, यापलीकडे मला काही दिसलं नाही.

आता गोष्ट सांगतो, म्हणजे मला लागली तशी. एक साधा लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस असतो. लिफ्टमध्ये त्याला विजेचा झटका बसतो आणि तो शिंकला की उडायला लागतो. (आमच्या एका विद्यार्थ्याला बॅटरीचा झटका बसला होता. तो फक्त बसला.) मग त्याच्यासारखाच दिसणारा एक दुष्ट येतो, तो जगातलं सगळं वजन चोरणार असतो. म्हणजे माणसं, टेबलं, म्हशी, सगळं तरंगणार. यात त्याचा फायदा काय, हे त्याने दोनदा सांगितलं, पण दोन्ही वेळा लोक हसत होते. मध्यंतरानंतर कळलं की दुष्ट हा दुष्ट नसून नायकच आहे, पण उद्याचा. मग आजच्या नायकाची आत्या निघाली खरी दुष्ट, आणि तिला पकडायचं सोडून सगळे तिच्याबरोबर नाचले. निम्मं शहर पडलं तरी एकालाही खरचटलं नाही. आपली ही माझ्याशेजारी डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसत होती. मी तिला विचारलं की आत्ता जो पडला तो आजचा की उद्याचा, तर म्हणाली, गप बसा आणि मजा घ्या. मग मी गप बसून मजा घेतली.

घात झाला तो पाठलागात. नायक एक भरलेली बस घेऊन भिंतीवरून निघाला. ना सिग्नल, ना हॉर्न, वळताना आरशात बघणं तर दूरच. अक्का, माझं आयुष्य शिकाऊ माणसांच्या शेजारी गेलं आहे. आमच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी वेगळा ब्रेक असतो, आणि समोर धोका दिसला की माझा पाय मला न विचारता तो दाबतो. घरी भाजी चिरणाऱ्या हिच्याकडे बघतानासुद्धा दाबतो. तिथे पायासमोर ब्रेक नव्हता, खुर्ची होती. बस वळली, मी दाबला. बस पुलावरून उडाली, मी दोन्ही पायांनी दाबला. टक्कल पुढे जायचं, मागे यायचं. मला वाटत होतं, काय रसिक माणूस आहे, डोलतोय.

दिवे लागले आणि टक्कल मागे वळलं. ठकी धावत आली आणि म्हणाली, बाबा, हे ह्याचे वडील. मी माझ्या बुटांकडे पाहिलं. लेकीचं लग्न आपण आपल्या पायाने लाथाडलं, हे त्या क्षणी मला जितकं स्वच्छ कळलं तितकं त्या सिनेमातलं काहीच कळलं नव्हतं. खरं सांगतो, मला रडू येत होतं. आणि साहेबांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. म्हणाले, काय थेटर आहे हो. त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं की हल्ली काही ठिकाणी पडद्याबरोबर हलणाऱ्या खुर्च्या असतात. बस वळली की झटका, ब्रेक लागला की कंबरेत बरोबर दणका. जन्मात प्रथमच पुरतं माप मिळालं, म्हणाले. वर त्यांचं जुनं कंबरेचं दुखणंही मोकळं झालं. (ते माझ्या कंबरेत आलं असावं.) चहा होईपर्यंत त्यांनी ठकीला सूनबाई म्हणायला सुरुवात केली. डॉक्टर माझ्या कानात म्हणाला, बाबांना असं हसताना मी पाहिलेलं नाही. अशा वेळी मी तोंड कसं उघडणार, तूच सांग.

पण ते जातिवंत निरीक्षक. दुसऱ्या दिवशी विहीणबाईंना घेऊन त्याच खेळाला, त्याच खुर्चीत. खुर्ची ढिम्म. तडक मॅनेजरच्या खोलीत. तो बिचारा सांगतोय की आमच्या खुर्च्या हलत नाहीत, आणि हे म्हणतात, काल हलत होती, आज बंद पाडलीत, दुरुस्त करा. शेवटी असं ठरलं की रविवारी सर्वांसमक्ष तपासणी करायची. आणि साक्षीदार कोण, तर मागेच बसलेले होणारे व्याही, म्हणजे मी. ही म्हणते, हलत होती म्हणून सांगून टाका. ते खोटंही नाही. पण मग तो मॅनेजर लबाड ठरतो. आणि खरं बोललो तर ठकीचं काय होईल? माझं डोकं चालत नाही. तू सांगशील ते करीन.

तुझा पार गोंधळलेला भाऊ

ता. क. पत्र गाडीत ठेवलं आणि पेटीत टाकायचं राहिलं. मधे रविवार होऊन गेला. तेव्हा आता सल्ला नको.

साहेब त्यांच्या खुर्चीत, मी मागे, माझ्याशेजारी ठकी, मॅनेजर बाजूला टॉर्च घेऊन उभा. मी ठरवून पाय खुर्चीखाली मुडपून बसलो होतो. बस भिंतीवर चढली. साहेब वाट बघत होते. त्यांची मान अशी काही खाली गेली की मला बघवेना. त्यांना वाटलं असणार, म्हातारपणी भास व्हायला लागले. मग मी पाय सोडला. आपणहून, समजून उमजून दाबला. हलली, हलली, म्हणून साहेब उठले, मॅनेजरने टॉर्च मारला, आणि उजेड पडला तो थेट माझ्या बुटावर. साहेबांनी बूट पाहिला, मला पाहिलं. मी सगळं सांगितलं, पहिल्या दिवसापासून. त्यांनी खुर्चीची पाठ स्वतः हाताने दाबून पाहिली. ठकी माझा दंड घट्ट धरून उभी होती. मग साहेब खाली बसले आणि म्हणाले, खुर्ची काय नि व्याही काय, माप बरोबर मिळाल्याशी कारण, फक्त यापुढे बूट काढून बसा. लग्न पक्कं झालं, अक्का.

आणखी एक ता. क. खरं काम राहिलंच. या सिनेमाचा पुढचा भाग येतोय आणि साहेबांनी सगळ्यांची जागा धरून ठेवली आहे. आता विहीणबाईंनाही हलणारी खुर्ची हवी, पण त्यांना दणके सोसत नाहीत, सावकाश, एकसारखं हवं. मला ते जमायचं नाही. भाऊजींनी जन्मभर पायाने शिलाईचं मशीन चालवलंय, त्यांचा पाय कसा लयीत पडतो. त्यांना तेवढे दोन दिवस पाठव. आणि मोजे धुतलेले घालून पाठव, मुलीचं लग्न व्हायचंय अजून.