बारमथला जाणारी हलकी गाडी

२ फेब्रुवारी, रविवार
शेडमधली ताडपत्री काढली. चौसष्ट सालची पाचशे सीसी मोटरसायकल, सत्तावीस वर्षं झाकलेली. टूलबॉक्समध्ये उंदरांचा संसार, बाकी उत्तम. १४ जूनला लग्नाला पस्तीस वर्षं होतात. ग्लेनिसला विचारलं, काय हवं? म्हणाली, "लग्नाआधी न्यायचास तसं बारमथला ने. समुद्र दिसेपर्यंत तुझ्या पाठीला चिकटून बसेन." शब्द दिला. साडेचार महिने आहेत. मला सहा आठवडे पुरतील.

९ फेब्रुवारी
नुसती दुरुस्ती कुणीही करतो. मी तिची कॅफे रेसर करणार, शर्यतीच्या गाडीसारखी. खाली वाकलेलं हँडल, आखूड मडगार्ड, फालतू वजन शून्य. वहीत स्केच काढलं. स्केच अप्रतिम.

१ मार्च
इंजिन सुटं केलं. एक नट हटून बसला. घरातला नेहमीचा पाना लावला, नटाच्या कडा गोल झाल्या. जुन्या इंग्लिश गाड्यांना व्हिटवर्थच्या मापाचे पाने लागतात हे मला माहीत आहे. सर्वांना सांगत असतो. आज घाईत होतो.

१६ मार्च, रविवार, दुपारी १
बेअरिंग बसवायला क्रँककेस, म्हणजे इंजिनाची लोखंडी पेटी, तापवावी लागते. ओव्हनमध्ये ठेवली. ग्लेनिसनं दार उघडून विचारलं, "माझं मटण कुठाय?" म्हटलं, रांगेत आहे. "आणि हे कधी शिजणार?" ती जेवायला बाहेर गेली. बेअरिंग अलगद बसलं. मी ब्रेड खाल्ला. ब्रेडलाही ऑइलचा वास.

५ एप्रिल
सहा आठवडे उलटून गेले. ते मी ढोबळ मानानं म्हटलं होतं.
ग्लेनिसनं नवं हेल्मेट आणलं. निळं. ते घालूनच चहा केला, घालूनच फोनवर बोलली. वजन विचारलं. बाराशे ग्रॅम. चालेल.

१९ एप्रिल
मागचे दोन फूटरेस्ट काढले. नऊशे ग्रॅम वाचले. उपयोग काहीच नव्हता. जुनी लांब सीट डार्लिंग्टनच्या एका माणसाला विकली. खोक्यात भरताना ग्लेनिस म्हणाली, "ह्याच सीटवर बसून तू मला मागणी घातलीस." म्हटलं, फोम पार बसला होता. "नवी येतेय ना?" येतेय म्हटलं. ग्लेनिस हळवी आहे.

३ मे
शेजारचा बलबीर संधू ग्राइंडर घेऊन आला. तीस वर्षं फाउंड्रीत वेल्डर होता. फ्रेमचा मागचा भाग कापायचा होता. सीटच्या मागे उगाच लोंबणारं लोखंड. कापायचं सोडून प्रश्नच विचारत बसला. "देस, नक्की? कापलं की कापलं, बरं का." नक्की. "वहिनींना विचारलंस?" म्हटलं, त्यात तिला काय विचारायचं, हा इंजिनीअरिंगचा प्रश्न आहे. त्यानं माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग कापलं. बलबीरचा हात चांगला आहे, दृष्टी मात्र नाही.

२५ मे
पहिल्याच प्रयत्नात सुरू! प्रयत्न म्हणजे अडतीस किक. गुडघ्याला बर्फ लावून लिहितोय.

८ जून
नवी सीट आली. काळं चामडं, मागे ऐटदार उंचवटा. अगदी नेमकी, एक इंच जास्त नाही. ग्लेनिस आठवडाभर बहिणीकडे गेलीय. आल्यावर थक्क होईल.

१४ जून, सकाळी ८.२०
थक्क झाली.
हेल्मेट घालून, सँडविचची पिशवी घेऊन बाहेर आली. गाडीभोवती एक फेरी मारली. मग उलट्या बाजूनं दुसरी. म्हणाली, "देस, मी कुठे बसायचं?"
मी पाहिलं. सीट. उंचवटा. त्यामागे एकदम चाक.
म्हणालो, वळणावर गाडी आता फार सुंदर चालेल.
ती पायरीवर बसली आणि हसत सुटली. हेल्मेटची काच खाली होती. थोड्या वेळानं ते हसणंच आहे का, मला कळेना. कुंपणापलीकडे बलबीर झाडांना पाणी घालत होता. त्यानं नळ बंद केला आणि आत निघून गेला.
मी म्हटलं, रद्द करू. ती म्हणाली, "छे, चार महिने राबलायस. तू जा हिच्यावर. मी ट्रेननं येते." हेल्मेट खुंटीला अडकवून गेली.

१४ जून, संध्याकाळी ५, बारमथ
शंभराहून जास्त मैल. एकही बिघाड नाही. गाडी अशी कधीच चालली नव्हती. दोनदा थांबलो, दोन्ही वेळा विनाकारण. शेवटच्या वळणावर खाडी उघडली आणि मी खांद्यावरून ओरडलो, "ग्लेनिस, समुद्र!"
मागे वारा होता.
ट्रेन आधी पोचली होती. ती समुद्रासमोर बाकावर बसली होती. म्हणाली, "या, महाराज. अर्धे गरमागरम चिप्स ठेवले होते. गार झालेत." मी म्हणालो, चुकलं माझं. "जरा मोठ्यानं बोल, त्या सायलेन्सरनं आवाज गेलाय वाटतं तुझा." मोठ्यानं म्हणालो. दोन कुत्री आणि एक म्हातारा वळून बघायला लागले.
तिनं शेजारची पर्स उचलून मांडीवर घेतली आणि सरकली.
बाक ओतीव लोखंडाचा. भयंकर जड. पण ज्यानं केला, त्यानं दोघांचा विचार केला होता.