लिफाफ्यातलं इष्टलिंग

नांदेड,
१८ ऑगस्ट २०२१

प्रिय अंजू,

तुला जयभीम, आणि तुझ्या आईला, गौरम्मा अव्वांना, तुमच्या रीतीनं माझं शरणार्थी सांग. फोन असताना पत्र कशाला, म्हणशील. फोनवर तू रडलीस की मी गप्प बसते. लातूरच्या हॉस्टेलात तीन वर्षं तुझं डोकं खाल्लेली मी, आता मला गप्प बसायचीच सवय लागून राहिली.

इकडं कोविडचा वार्ड आता निम्मा रिकामा हाय. आई म्हणते, "आता तरी नीट जेव." अव्वांनी पाठवलेली शेंगाची चटणी पोचली. सोबत चिठ्ठी होती, 'शेवटी ह्यांच्या हातात इष्टलिंग दिलंस, लेकीपरीस जास्त केलंस.' बरणी अजून उघडली न्हाई मी.

दवाखान्यानं आम्हा नर्सांना मोबाईलवर बोलायला पुण्याच्या एक मॅडम दिल्यात. चांगल्या हायेत बिचाऱ्या. म्हणाल्या, "मैत्रिणीशी बोलता तसं स्वतःशी बोला." मी म्हणलं, मॅडम, मैत्रिणीशीच तर खोटं बोलले. विहारातही तीच तऱ्हा. मैत्री भावनेत पहिल्यांदा 'मी सुखी होवो' म्हणायचं असतं, मग सगळ्या जगासाठी. मी तेवढी ओळ गाळते. कुणाच्या ध्यानात येत न्हाई.

एप्रिलात लातूरला बेड मिळेना, म्हणून माझ्या भरवशावर तू तुझ्या अप्पांना इथं आणलंस. अंजू, अप्पा गेले तेव्हा त्यांच्या हातात लिंग नव्हतं. सीटी स्कॅनला न्यायच्या आधी चांदीच्या डबीसकट मीच ते गळ्यातून काढलं. लिफाफ्यात घातलं, नाव लिहिलं, वार्डाबाहेरच्या ड्रॉवरमध्ये ठेवलं. तुमच्यात हातात इष्टलिंग असल्याबिगर माणसाला माती देत न्हाईत, हे मला कुणी सांगायला नको होतं. तुझ्या आजीच्या वेळी मी तुझ्याशेजारीच उभी होते. दुपारी अप्पा सारखे छातीवर हात ठेवून राहिले. मला वाटलं, दम लागला. मी ऑक्सिजन वाढवला.

न्हाई. हेही खोटंच लिहिलं. मला कळलं होतं. पण बाहेर जायचं म्हणजे अंगावरचं पीपीई किट काढायचं, आणि एका ड्युटीला एकच किट मिळायचं. गेले असते तर परत आत येता आलं नसतं. आत सव्वीस माणसं आणि आम्ही दोघी. मी म्हणलं, "अप्पा, ड्युटी संपली की देते." त्यांनी मान हलवली. दीड तास राहिला होता. तेवढं ते थांबले न्हाईत.

किट काढून लिफाफा घेऊन पळत आले, तर पिशवीची चेन लावून गाडीत चढवून राहिले होते. उघडा, म्हणायला तोंड उघडलं न्हाई. संध्याकाळी तू विचारलंस, लिंग हातात होतं ना? मी 'हाव' म्हणाले.

माझ्या जागी तू असतीस तर मी तुला जवळ घेतलं असतं, म्हणले असते, येडे, सव्वीस जणांना सोडून कशी गेली असतीस? स्वतःला हे म्हणायला गेले की जीभ लाकडावानी होते.

लिफाफा पोस्टानं पाठवायची गोष्ट न्हाई. २९ तारखेला, रविवारी, सकाळच्या एसटीनं उदगीरला येते. अव्वांना मीच सांगणार, समोर बसून. तू मध्ये पडू नको आणि मला सांभाळूनही घेऊ नको. त्या बोलतील ते ऐकून घेईन. न्हाई बोलल्या तर काय करू, तेवढं मात्र मला सुचत न्हाई.

'तुझी' लिहायचं का न्हाई, ते त्यानंतर तू ठरव. आज नुसती,

लुंबिनी