माय, तुझा खांदा दुखत नव्हता

माय, परवा आमच्या बजाजनगरच्या ख्रिस्ती मंडळीनं नाताळासाठी पिशव्या वाटल्या. पीठ, तेल, साखर, एकेक चादर. वाटायला मी पुढंच होते. एका बाईच्या हातात पिशवी ठेवताना कुणीतरी म्हणालं, "मावशी, इकडं बघा, फोटो." मी बघितलं. ती बाई आपल्या पायाकडं बघत राहिली. घरी आल्यावर चहा काही गोड लागेना. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, पण तुझी आठवण अशी आली की नातीची जुनी वही ओढून लिहायला बसले.

लासूर स्टेशनचं आपलं घर. जात्यावर बसायच्या आधी तू मूठभर ज्वारी काढून गाडग्यात टाकायचीस. ती देवाची मूठ, रविवारी देवळात अर्पणाला जायची. आपल्या सगळ्या ख्रिस्ती घरांत हीच रीत होती. शेजारी धनगराची सून राहायची. नवरा मेंढरं घेऊन गेलेला. मेंढरं रोगानं मेल्याचं कानावर आलं, तो काही आला नाही. दोन लेकरं, आणि चूल दिवसाआड पेटायची. पाळकसाहेबांनी धान्य पाठवलं, तर तिनं उंबऱ्यावरूनच परत केलं. "आमी फुकटचं खात नाय."

मग तू आपल्या ज्वारीत गाडग्यातली ज्वारी मिसळलीस आणि पिशवी घेऊन तिच्याकडं गेलीस. "बाई, माझा खांदा लई धरलाय गं. एवढं दळून दे. निम्मं पीठ तुझं." तिनं दळून दिलं. दर आठ दिवसाला हेच चालू झालं. रविवारी पाळकसाहेब विचारायचे, "काय बाई, मूठ कुठं राहिली?" "पोचली साहेब," म्हणून तू गाण्याचं पुस्तक उघडायचीस.

मी नऊ-दहा वर्षांची, रविवारच्या शाळेत खोटं बोलू नये हे पाठ करून आलेली. एकदा ती दळत होती आणि मी तिच्या समोरच बोलून गेले, "मावशी, मायचा खांदा कुठं दुखतो? सकाळीच तिनं लाकडं फोडली की." जातं थांबलं. तिनं सगळं पीठ गोळा केलं, पिशवीची गाठ मारली आणि तुझ्या उंबऱ्यावर आणून ठेवली. "आक्का, मला भीक घातलीस व्हय?" एवढंच बोलली. तिची लेकरं त्या पिशवीकडं बघत दारात उभी होती.

मार बसणार हे मी धरून चालले होते. तू हात उगारला नाहीस. "खोटं मी बोलले. तू खरंच बोललीस. पण लेकरा, त्या खऱ्यानं आज तिची चूल विझली." मग डोक्यावर पदर घेऊन कितीतरी वेळ बसलीस. प्रार्थना करत होतीस की विचार, कोण जाणे. तुझं दोन्ही एकच असायचं.

दुसऱ्या दिवशी तू रिकाम्या हातानं तिच्या अंगणात उभी. मी तुझ्या मागं. "खोटं बोलले, माफ कर. आज खरंच मागायला आले. मला लोकर कातायला शिकव. पोरीला घोंगडी करायची हाय."

"तुमच्या लोकाला कशाला लागती घोंगडी?"

"का? थंडी आमाला वाजत नाय व्हय?"

ती हसू दाबत होती, मला दिसलं. तिनं तुझ्या हातांकडं बघितलं. मग तिनंच विचारलं, "शिकवणीचं काय देशील?"

"तू सांगशील ते."

"पायलीभर ज्वारी. आठ दिवसाला. कमी चालायची नाय."

सगळा हिवाळा तू तिच्यापुढं भुईवर बसलीस. ती खाटेवर. तुझ्या हातातली चाती कलंडायची, धागा तुटायचा आणि ती ओरडायची, "हे सूत हाय का शेवया, आक्का?" तू मान खाली घालून म्हणायचीस, "परत दाखव." देणारी तू खाली आणि घेणारी ती वर. घोंगडी झाली तेव्हा सगळीकडं गाठीच गाठी होत्या, पण कातणं तू खरोखर शिकली होतीस. त्यात खोटं काही उरलं नव्हतं. प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले ही गोष्ट मी पुस्तकात शंभरदा वाचली असेल. डोळ्यांनी बघितली ती त्या अंगणात. अजून आठवलं की मी तुझ्याच पोटची, याचा भरवसा वाटत नाही.

हे पत्र वहीतच राहील. पण एक सांगायचं राहिलं, ते सांगते. खालच्या भाड्याच्या खोलीत परभणीकडची एक बाई राहते. तिला मी गेल्या नाताळाला पिशवी दिली होती. मागच्या महिन्यात मला ताप होता, घरचे गावाला गेलेले. ती डब्यात मुगाची खिचडी घेऊन वर आली. "काकू, गरम हाय. दोन घास खाऊन घ्या." मी दारातच म्हणाले, "आत्ताच जेवले गं." ती डबा घेऊन जिना उतरून गेली.

जेवले नव्हते, माय. आदल्या दिवसापासून पोटात काही नव्हतं.