आक्षेपार्ह काही नाही

३ फेब्रुवारी
लागले बाई एकदाची नोकरीला! नांदगावच्या घरात बसून आईचे टोमणे ऐकण्यापेक्षा नाशिकचं पोलीस कार्यालय बरं. खुर्ची फिरती आहे, खिडकीबाहेर शेवग्याचं झाड आहे, चहा दोनदा मिळतो. काम सोपं. हवालदार ड्यूटी संपली की छातीवरचा कॅमेरा काढून खाचेत ठेवतात, चित्रण माझ्या संगणकात उतरतं. मी ते पाहायचं आणि वहीत त्या तारखेच्या पानावर, कॅमेऱ्याच्या क्रमांकापुढे शेरा लिहून सही करायची. चित्रण तीस दिवस राहतं, तिसाव्या संध्याकाळी सहाला आपोआप पुसलं जातं. साहेबांनी स्वागताचं भाषण केलं. म्हणाले, या कॅमेऱ्यांमुळे पोलीस जनतेला उत्तरदायी झाले. तेव्हा त्यांच्या मिशीला चिवड्यातली शेव लागली होती.

५ फेब्रुवारी
जनतेने बघावं एकदा काय पाहतेय मी ते. नऊ कॅमेरे, नऊ पोटं. भजी, ढेकर, मोबाइलवरचे विनोद, हातगाडीवाल्यांवर ओरडणं. एका बाईची तक्रार ऐकताना हवालदार सबंध वेळ कान कोरत होता. हे सगळं शहाण्या माणसाने रोज का पाहावं? माझ्या आधीच्या मुलीची वही चाळली तर कळलं की तिने शेरे महिन्याच्या सुरुवातीलाच लिहून ठेवलेत, सह्यांसकट. हुशार होती. मीही आज बसून अठ्ठावीस तारखेपर्यंतची सगळी पानं भरून टाकली. ‘आक्षेपार्ह काही नाही.’ माझं अक्षर छान आहे, सगळे म्हणतात.

१२ फेब्रुवारी
काल दुपारचं चित्रण, कॅमेरा क्रमांक सात, बहिरू हवालदाराचा. अकरा मिनिटं चार सेकंद. नाकाबंदीला एक स्कूटरवाला थांबला नाही, म्हणून जीप त्याच्या मागे. हायवेवर काटा शंभरच्या पुढे. बहिरू ड्रायव्हरला सांगतोय, चिकटव, अजून चिकटव, आणि हसतोय. पुलावर जीपने स्कूटरला मागून धक्का दिला. मग तो माणूस रस्त्यावर पालथा. बहिरूने त्याचे खिसे उलटे केले: रुमाल, किल्ली, डब्यातला चमचा. एवढंच. नंतर लेन्सवर हात येतो आणि काळोख.
आजच्या पेपरात आहे की सोनसाखळी चोर पळताना घसरून ठार, खिशात साखळी सापडली. कुठल्या खिशात?
साहेबांकडे गेले. त्यांनी शांतपणे वही उघडली, अकरा तारखेचं पान काढलं आणि म्हणाले, “मॅडम, तुमची सही आहे की.”
मी वही घेऊन परत आले. कॅमेरा सात नादुरुस्त म्हणून कपाटात बंद झाला.

२४ फेब्रुवारी
त्या स्कूटरवाल्याची बायको रोज येते. मैना. बाहेरच्या बाकावर बसते, हिरव्या लुगड्यात, पिशवी मांडीवर घेऊन. नवरा, नवनाथ, टेम्पोच्या बॉडीला रंग द्यायचा. चित्रण मिळावं म्हणून तिचा अर्ज आहे. शाळेत पोरी तिच्या साईला चोराची लेक म्हणतात. आज ती माझ्या दारात आली. “ताई, त्यांनी कुणाची साखळी नाय वढली. तुमी बघितलं आसंल ना त्यात?” बघितलं होतं. मला रडणारी माणसं आवडत नाहीत; समोरच्याचा दिवस खराब करतात. साहेबांनी सांगितलेलं उत्तर टाइप केलं: तांत्रिक बिघाडामुळे चित्रण उपलब्ध नाही. तिला वाचता येत नव्हतं. मीच वाचून दाखवलं.

१ मार्च
मार्चची पानं भरली. एकतीसपर्यंत. अर्धा तास लागला.

५ मार्च
कॅमेरा सातची ती फाइल उगाच उघडली. चौदा मिनिटांची आहे. अकरा होती, मी स्वतः पाहिलंय. लेन्सवरचा हात आता बाजूला होतो, रस्ता दिसतो आणि कॅमेरा उठतो. चालायला लागतो. पुलावरून खाली, गाड्यांच्या मधून, कोणी हॉर्न वाजवत नाही. भिकार यंत्रं, दुसरं काय.
कपाट पाहिलं. कुलूप आहे. सील जसंच्या तसं.

१० मार्च
एकतीस मिनिटं. द्वारका चौक ओलांडला. आमचं फाटक. आमचा जिना. कठड्यावर एक हात येतो – बोटं सोललेली, नखांत निळा रंग.
बहिरूला बोलावून दाखवलं. तो मला भित्री म्हणून हसला. मग तो हात पाहिला. खुर्चीला धरून उभा राहिला आणि म्हणाला, त्याच्या नखांत असाच रंग होता. दुपारीच रजेवर गेला. साहेब म्हणे, फाइल उघडू नका. गुरुवारी पुसली जाईलच. पुसण्यात हे सगळे पटाईत.
आणि मी?

१२ मार्च
कॉरिडॉर. बाक. बाकावर मैना, हिरव्या लुगड्यात. कॅमेरा तिच्यासमोर खूप वेळ थांबतो. ती वर बघत नाही.
मग वळतो. माझ्या दाराकडे.

१३ मार्च
होळी. चारलाच सगळे घरी पळाले. मैना बाहेर आहे. सहाला फाइल जाईल. ठरवलं – पेन ड्राइव्हवर उतरवून तिच्या हातात द्यायची. नोकरी गेली तर गेली. हे महिन्याभरापूर्वी करता आलं असतं. मी बहिरूला हसत होते, साहेबांना हसत होते. माझ्याएवढं हलकट या इमारतीत कोणी नाही.

५.४० – उतरतेय. अर्धी झाली. पडद्यावर दार उघडतं. मागे बघितलं, दार बंदच आहे.

५.४६ – पडद्यावर माझी पाठ. माझी वेणी. मी लिहितेय ते दिसतंय.

वही उघडली. तेरा मार्च. क्रमांक सात. शेरा आधीच – मीच – एक तारखेला –
खोडतेय. पेन उमटत नाही. इथे डायरीत उमटतं, तिथे नाही.

मैनाला हाक मारली. आवाज –

खुर्चीच्या पाठीवर निळी नखं. आता जे होईल ते सगळं चित्रित होईल. आणि पुढे शेरा आहेच, माझ्या छान अक्षरात, सहीसकट. आक्षेपार्ह काही