मोहरी फेसताना आलेलं पाणी

बाबा, आज तुम्ही फार आठवलात. कॉलेजात शिकणाऱ्या नातीने मला भिंगाखाली फेसलेली मोहरी दाखवली. तेलाच्या थेंबांभोवती मोहरीचे बारीक कण दाटीने बसलेले दिसले. त्यांच्यामुळेच म्हणे थेंब एकमेकांत शिरत नाहीत आणि तेल-पाणी वेगळं होत नाही; ते एकत्र धरायला साबण नको की काही नको, पोटात जाणारी मोहरीच पुरते. मी बघितलं आणि हसतच सुटले.

मला देऊळगाव राजातलं ते लग्न दिसायला लागलं. आपला वऱ्हाड प्रांत तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला, आणि नवरदेवाचं वऱ्हाड आलेलं थेट नागपूरहून. ‘वऱ्हाडात वऱ्हाड आलं’ म्हणत तुम्ही सकाळपासून हसताय. तुम्ही आचारी, मी हाताखाली भाज्या चिरणारी. काकडीच्या कोशिंबिरीची मोहरी मात्र तुम्ही कुणाला फेसू देत नव्हता, आणि मला तर तेच काम हवं होतं. इतकं हवं होतं, की झोपेतसुद्धा माझा हात गोल फिरायचा. त्या दिवशी तुमचं मनगट मुरगळलं आणि नाइलाजाने पातेलं माझ्याकडे आलं.

मी घाईने मोहरीत आधी तेलच ओतलं. मग पाणी घातलं, तर सगळं फाटलं. करडईचं तेल वर, पाणी खाली. बाहेर पानं मांडली जात होती. आता हे काम जन्मात मिळत नाही, असं वाटलं.

“काऊन घाई करून राह्यली वं? पहिले मोहरीले पाणी पाज, मंग तेल. थेंब थेंब सोड,” तुम्ही म्हणालात.

मी ताजी मोहरी पाण्यात फेसली आणि ते फाटलेलं तिच्यात थेंबाथेंबाने सोडत गेले. हळूहळू रवी जड लागायला लागली, रंग फिका पिवळा झाला. झणका नाकात चढून डोळ्यांतून धारा लागल्या. तेवढ्यात नवरीची आई आत आली. मी तिच्या लेकीसाठी रडतेय असं समजून तिने मला मिठी मारली आणि स्वतःच रडायला लागली. तुम्ही पंचा तोंडात कोंबून हसत होता.

ती गेल्यावर तुम्ही बोट बुडवून चाखलंत. “हाव, जमलं. आता मोहरी तूच फेसत जाय.”

शेवटच्या पंगतीपर्यंत तेल सुटलं नाही.

हे पत्र कुठे धाडणार? पण एक सांगते. तुम्ही तसं म्हणालात तेव्हा मी परत डोळ्यांना पदर लावला आणि ‘मोहरी लई झोंबते’ म्हणाले. बाबा, मोहरीचा झणका तोवर केव्हाच उतरला होता.